सायकलची चेन, फ्री आणि कॅसेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सायकली बघतो. पुण्यात हा उद्योग करणाऱ्याला गिऱ्हाइकाची वाण नसते. तेच तेच प्रश्न फोनवरही येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. शाळेची एकेरी, म्हणजे बिनगिअरची सायकल, ऑफिसला जाणारी सात गिअरची आणि सिंहगड चढणारी अकरा गिअरची, तिन्ही धरून लिहिलं आहे. उत्तर कुठे वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. फ्री, फ्रीव्हील, कॅसेट एकच का? माझ्या सायकलला यातलं काय आहे?

पॅडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, ते आतल्या खटक्यांमुळे. हे खटके दातेरी चकत्यांच्या पोटातच असतील आणि अख्खा गोळा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसवलेला असेल, तर ते फ्रीव्हील, म्हणजे दुकानातल्या भाषेत 'फ्री'. खटके हबमध्ये असतील आणि चकत्या नुसत्या वरून सरकवून लॉकरिंगने कसलेल्या असतील, तर ती कॅसेट. एकेरी सायकलला फ्रीच असतो. स्वस्तातल्या सहा-सात गिअरच्या सायकलींनाही बहुतेक वेळा फ्रीच असतो. आठ गिअर किंवा जास्त असतील तर सहसा कॅसेट.

गिअरच्या सायकलला खात्री करायची तर मागचं चाक काढा आणि चकत्या उलट्या फिरवा. मधे हत्यार बसायच्या खाचा असतात. त्या चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्री. दोघांचं हत्यार वेगळं असतं, तेव्हा सुटा भाग आणायला जाण्याआधी हे बघून जा.

२. 'चेन ताणली गेली' म्हणजे काय? पोलाद कसं ताणलं जाईल?

ताणलं जात नाहीच. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती आतली पट्टी फिरते. धूळ मिसळलेलं तेल तिथे पॉलिश पेपरसारखं काम करतं. पिन झिजते, भोक झिजतं आणि प्रत्येक सांध्याला केसभर ढिलाई येते. शंभरावर सांध्यांची केस-केस ढिलाई मिळून चेन लांब झालेली दिसते.

नव्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. चकतीचे दातेही त्याच अंतराने कापलेले असतात. चेनचं अंतर वाढलं की ती दात्याच्या बुडाशी न बसता वर चढून बसते. मग सगळा जोर एक-दोन दात्यांवर येतो आणि दाता झिजतो. थोडक्यात, चेन आधी स्वतः झिजते आणि मग कॅसेट झिजवते. किमतीत मात्र क्रम उलटा आहे: चेन स्वस्त, कॅसेट महाग, पुढचं दातेरी चाक बऱ्याचदा त्याहून महाग. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मी 'आधी चेन मोजा' असं म्हणताना दिसेन.

३. चेन बदलायची वेळ झाली हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

सुताराचा पोलादी टेप घ्या. शिंप्याचा नको, तो स्वतःच ताणला जातो. टेपच्या टोकाची आकडी मुद्दाम किंचित हलती ठेवलेली असते, म्हणून शून्यापासून मोजू नका. एका पिनेची डावी कड १ इंचाच्या रेघेवर धरा आणि १३ इंचाची रेघ बघा. मोजताना वरच्या बाजूची चेन पॅडलवर हलका दाब देऊन ताठ ठेवा.

चेन नवी असेल तर १३ च्या रेघेवर पिनेची डावी कड बरोबर येईल. झिजली असेल तर कड रेघेच्या पुढे जाईल. एक षोडशांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली, की अर्धा टक्का झीज. एक अष्टमांश, म्हणजे तीन मिलिमीटर, म्हणजे एक टक्का.

अकरा-बारा गिअरच्या चेनला अर्धा टक्का ही बदलायची वेळ. आठ ते दहा गिअरला पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं. एकेरी सायकल एक टक्क्यापर्यंत खुशाल चालवा. आणि एकाच जागी मोजून थांबू नका, तीन-चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजते असं नाही.

४. दुकानात मापकाने बघितलं आणि 'चेन गेली' म्हणाले. तुमच्या टेपने तर अजून शिल्लक दाखवते. खरं कोण?

दोघंही प्रामाणिक असू शकतात. बाजारातले बरेच चेन-मापक दोन रोलरना, म्हणजे पिनांभोवती फिरणाऱ्या छोट्या नळकांड्यांना, एकमेकांपासून लांब ढकलून अंतर बघतात. त्यात पिनेच्या झिजेबरोबर रोलरची स्वतःची ढिलाईही मोजली जाते, त्यामुळे आकडा फुगतो. चेन दात्यावर कशी बसेल हे ठरतं ते पिना-पिनांमधल्या अंतरावर, आणि टेप तेच मोजतो. वाद झाला तर मी टेपची बाजू घेतो. मात्र अकरा-बारा गिअरवाल्यांनी दुकानदाराचं ऐकून चेन थोडी लवकर बदलली तरी फार काही बिघडत नाही.

५. किती किलोमीटरनंतर चेन बदलायची? आकडा सांगा.

सांगत नाही. दोन हजारांत संपलेली चेन मी पाहिली आहे आणि पाच हजारांपुढे गेलेलीही. फरक धूळ, पाऊस, चढ आणि तेल यांचा. आजोबांच्या काळ्या सायकलची चेन वर्षानुवर्षं टिकायची, कारण ती पत्र्याच्या पूर्ण बंद चेनकव्हरात असायची. आपल्या उघड्या चेनवर खोदलेल्या रस्त्याची माती रोज बसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रश्न ३ प्रमाणे मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

६. कुठलं तेल घालू? घरात खोबरेल आहे, मशीनचं तेल आहे, गाडीचं ऑइलही आहे.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून एकेक घेतो.

खोबरेल नको. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं, आणि पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात पातळ होऊन निघून जातं. गोडंतेल त्याहून वाईट. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर जो चिकट थर जमतो, तोच चेनवर जमेल.

शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते फार पातळ. आठवडाभरात पुन्हा घालावं लागतं, आणि एका पावसात धुतलं जातं. फ्रीच्या आतल्या खटक्यांना मात्र हेच तेल उत्तम.

गाडीचं नवं इंजिन ऑइल वंगण म्हणून चांगलं आहे. तक्रार एकच, ते दाट असल्यामुळे धूळ धरतं. थेंब-थेंब घालून नीट पुसणार असाल तर एकेरी सायकलला काही हरकत नाही. गॅरेजमधलं काळं, वापरलेलं ऑइल मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. इंजिनाच्या झिजेचा चुरा त्यातच असतो.

ग्रीस चेनला वरून फासू नका. ते पिनेपर्यंत पोचत नाही, बाहेर बसून माती गोळा करतं.

डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा हे चेनचं वंगण नव्हे. नावातला 'डब्ल्यूडी' हा पाणी हटवण्यासाठी आहे. गंजलेला नट सोडवायला आणि ओली चेन कोरडी करायला तो छान. पण त्यानंतर खरं तेल घालावंच लागतं.

ज्यांना परवडतं त्यांनी सायकलच्या चेनचं तेल घ्यावं: कोरड्या दिवसांसाठी पातळ, पावसाळ्यासाठी दाट. मेणाचा प्रकारही चांगला, चेन स्वच्छ राहते. पण त्यासाठी चेन आधी पूर्ण तेलमुक्त करून वितळलेल्या मेणात बुडवावी लागते, आणि पावसाळ्यात हा खटाटोप वरचेवर करावा लागतो. मी दोन महिने केला आणि सोडून दिला.

७. तेल घालायची काही पद्धत असते का? मी पॅडल उलटं फिरवत वरून धार सोडतो.

धार सोडलेलं बरंचसं तेल रिमवर आणि फरशीवर जातं. रिम ब्रेक असेल तर ब्रेकही लागत नाही. डिस्क ब्रेकच्या चकतीवर उडालं तर पॅड बदलायची वेळ येते.

आधी जुन्या बनियनच्या तुकड्याने चेन पुसा. मग खालच्या बाजूच्या चेनच्या वरच्या अंगावर, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. सुरुवात कुठून केली ते कळावं म्हणून एका कडीवर खडूची खूण करा. पूर्ण फेरी झाली की पॅडल उलटं वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी चेन पुन्हा पुसा, अगदी कोरडी दिसेपर्यंत. तेलाचं काम आत आहे. बाहेर दिसणारं तेल फक्त धुळीला आमंत्रण देतं. नवशिके हीच पुसायची पायरी गाळतात.

८. नव्या चेनवरचं चिकट ग्रीस धुऊन काढायचं का?

नाही. ते कारखान्यात सांध्याच्या आतपर्यंत भरलेलं असतं, आणि तितकं आत तुम्हाआम्हाला भरता येत नाही. वरचं फडक्याने पुसा, चालवायला लागा. मेण लावणार असाल तरच धुवा.

९. चेन धुवायची कशी? रॉकेल आता मिळत नाही.

डिझेल चालतं, बरेच कारागीर तेच वापरतात. पेट्रोल नको, ते पटकन पेटतं. बंद खोलीत तर विचारही नको. बाजारात मिळणारा डिग्रीझर आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी, एवढ्यावरही काम भागतं. जुना टूथब्रश, एक पसरट डबा, भरपूर चिंध्या. धुतलेली चेन पूर्ण वाळू द्या आणि मगच प्रश्न ७ प्रमाणे तेल घाला. आत डिग्रीझर राहिला तर नवं तेलही तोच विरघळवतो.

घाण डिझेल गटारात ओतू नका. बाटलीत भरून ठेवा. गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं.

गाड्या धुतात तिथला पाण्याचा जोरदार फवारा हब, बीबी (दोन्ही पॅडलांच्या मधला आस आणि त्याचे छर्रे) आणि फ्रीवर कधीही मारू नका. छर्ऱ्यांचं ग्रीस त्याने धुऊन निघतं. ते तेव्हा दिसत नाही, महिन्याने ऐकू येतं.

१०. पावसाळ्यात एका रात्रीत चेन तांबडी होते. काय करू?

तांबडा रंग वरवरचा असतो, घाबरू नका. भिजून आल्यावर सायकल तशीच जिन्याखाली लावून जेवायला बसलात की सकाळी तो दिसणारच. आल्या आल्या चेन पुसा आणि तेवढ्यात चार थेंब घाला. मडगार्ड लावा, पुढच्याला खालपर्यंत येणारी रबरी झालर लावा. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल सरळ चेनवर येतो. कोकणातून परत येणाऱ्यांना तर सांगायला नको, ती तांबडी माती सांध्यात एकदा बसली की करकर थांबत नाही. चार दिवस पावसातच चालवणार असाल तर रोज तेल घाला.

११. नवी चेन बसवली आणि चढावर जोर लावला की घसरते! जुनी तर घसरत नव्हती. दुकानदाराने खराब चेन दिली का?

बहुधा नाही. जुनी चेन लांब झाली होती आणि चकतीचे दातेही तिच्या मापाने झिजले होते. ते एकमेकांना सांभाळून घेत होते. नव्या चेनचं माप बरोबर अर्धा इंच, ती त्या झिजलेल्या दात्यांत बसत नाही आणि जोर आला की वर चढून उडी मारते. तुमच्या सगळ्यात आवडत्या एक-दोन गिअरमध्येच घसरत असेल आणि बाकीच्यांत नसेल, तर हेच कारण. त्या चकत्या सर्वांत जास्त वापरलेल्या आहेत.

आता कॅसेट किंवा फ्री बदलावाच लागेल. 'थोडी चालवा, बसेल आपोआप' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आपोआप बसेल ती नवी चेन झिजून. शिवाय उभं राहून पॅडल मारताना चेन घसरली तर माणूस नळीवर आपटतो.

एक अपवाद: सगळ्याच गिअरांत, दर काही फेऱ्यांनी ठरावीक वेळाने उडी मारत असेल तर दोष दात्यांचा नाही. बसवताना जोडाची कडी ताठ राहिली आहे. ती ओळखायची कशी, ते प्रश्न १३ मध्ये.

१२. घसरतंय ती चेन की फ्री, हे कसं कळणार?

खडूने चकतीच्या एका दात्यावर आणि त्यावरच्या कडीवर खूण करा. मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि हाताने पॅडल जोरात पुढे ढकला. कडी खुणेच्या दात्यावरून सरकली तर चेन-दात्यांचा दोष. कडी आणि दाता बरोबरच पुढे गेले पण चाक हललं नाही, तर फ्रीच्या आतला खटका धरत नाही. कारागीर या खटक्यांना 'कुत्ते' म्हणतात. ते आतल्या घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये चिकटतात किंवा त्यांची स्प्रिंग मोडते.

चिकटले असतील तर चाक आडवं ठेवा, फ्रीचा फिरता आणि स्थिर भाग जिथे भेटतात त्या फटीत शिलाई मशीनचं तेल सोडा आणि फिरवत राहा. आधी काळं पाणी निघेल. दोन-तीनदा असं केल्यावर 'टिक-टिक' स्वच्छ ऐकू आलं तर जमलं. नाही तर फ्री बदला. घसरणाऱ्या फ्रीवर रहदारीत जाऊ नका.

१३. पॅडल मारताना कट्-कट् आवाज येतो. पार्ट बदलून बदलून थकलो.

बदलण्याआधी मोजा, या वेळी आवाज.

पॅडलच्या दर फेरीला एकदा येत असेल तर पॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा) किंवा बीबी. पॅडल न मारता, नुसतं चाक फिरताना येत असेल तर चाक. आणि अडीच-तीन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनमधली एखादी ताठ कडी. हिशेब सोपा आहे: चेनला ११४ कड्या आणि पुढच्या चाकाला ३८ दाते असतील, तर चेनची एक फेरी व्हायला पॅडलच्या बरोबर ३ फेऱ्या लागतात. तुमच्या सायकलचे आकडे मोजून भागाकार करून बघा. गेल्या वर्षी एका मुलीची सायकल आली होती, ४४ दाते आणि ११० कड्या. ती म्हणत होती, 'दादा, एकदा उजवा पाय खाली असताना वाजतं, एकदा डावा.' एकशेदहाला चव्वेचाळिसाने भागलं की अडीच. दर अडीच फेऱ्यांनी पाय बदलणारच. कडी सापडायला पाच मिनिटं लागली.

ताठ कडी शोधायला पॅडल हळूहळू उलटं फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या चाकांकडे बघा. ती कडी तिथून जाताना डिरेलर दचकतो. कडी दोन्ही हातांत धरून आडवी, म्हणजे चेन ज्या दिशेला वाकत नाही त्या दिशेला, हलकेच डावी-उजवी वाकवा. मोकळी होते.

दर फेरीला वाजणाऱ्यांसाठी: जुन्या पद्धतीच्या क्रँकला कॉटर पिन असते. ती सैल झाली की पॅडल खाली जाताना ठक् असा धक्का बसतो. नुसता नट आवळून ती बसत नाही. क्रँकला खालून आधार देऊन पिन ठोकावी लागते, आणि झिजली असेल तर नवीच घालावी. चौकोनी टोकाच्या बीबीवर डावा क्रँक सैल होणं हेही नेहमीचं. ते ऐकू येताच आवळा. सैल क्रँकवर दोन दिवस चालवलंत की चौकोनी भोक गोल होतं आणि मग कितीही आवळा, टिकत नाही. पॅडल काढून बघायचं असेल तर लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात.

१४. मुलाच्या एकेरी सायकलची चेन सारखी पडते.

सैल आहे. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढा. मध्यावर चेन बोटाने वर-खाली करून साधारण अर्धा इंच हलायला हवी. पॅडल फिरवत चेन सर्वांत घट्ट जिथे होते तिथे हे माप घ्या, कारण पुढचं दातेरी चाक सहसा तंतोतंत गोल नसतं. फार घट्टही नको, त्याने छर्रे जातात. चाक तिरकं बसलं तरी चेन पडते, म्हणून टायर दोन्ही बाजूंच्या नळ्यांपासून सारख्या अंतरावर आहे ना ते बघा.

चाक पार मागे टेकलं आणि चेन तरी सैल, तर मोजा. एक टक्क्याच्या वर गेली असेल तर नवी घाला. एक जोड कापून तीच पुन्हा जोडायचा सल्ला मिळेल. तसं केलं तर चेन बसेल, पण कड्यांमधलं वाढलेलं अंतर तसंच राहील आणि दाते खात राहील.

१५. सायकल गाडीच्या डिकीतून आणली, तेव्हापासून मोठ्या चकतीवर चेन तारांत जाईल असं वाटतं.

वाटतंय ते खरं धरा आणि मोठी चकती वापरू नका. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा असतो. सायकल उजवीकडे पडली किंवा काही वर ठेवलं की तो आत वाकतो. मागून उभं राहून बघा: डिरेलरची दोन छोटी चाकं आणि वरची चकती एका उभ्या रेषेत हवीत. वाकलेला असेल तर तो सरळ करायचं हत्यार ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच जा.

मी एकदा हेच टाळलं. बसच्या टपावरून उतरवलेली सायकल दुकानात नेली, त्यांनी हँगरला हात न लावता गिअरचा स्क्रू फिरवून दिला, मीही मान डोलावली. दिवे घाटाच्या पायथ्याशी पहिला गिअर टाकला आणि डिरेलर तारांत गेला. तीन तारा, डिरेलर आणि हँगर गेले. टेम्पोचं भाडं वेगळं.

१६. चेनचं लॉक, म्हणजे तिची दोन टोकं जोडणारी कडी, उघडून पुन्हा तेच वापरता येतं का?

एकेरी चेनचं क्लिपवालं लॉक पुन्हा वापरता येतं. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवी, नाहीतर काहीतरी घासून ती निघते. आठ गिअरपर्यंतच्या क्विक लिंकही (गिअरच्या चेनच्या जोडाच्या कड्या) पुष्कळदा उघड-बंद करता येतात. दहा ते बारा गिअरच्या लिंकवर मात्र कंपनीची सूचना वाचा. कित्येक एकदाच वापरायच्या असतात. पाकिटात एक जादा ठेवा. पिनेने जोडायची चेन असेल तर दर वेळी नवी पिन, आणि जुन्या जोडाची पिन पुन्हा तोडू नका.

१७. ई-सायकलची चेन लवकर जाते असं ऐकलं. खरं?

मोटर कुठे आहे त्यावर आहे. मागच्या हबमध्ये असेल तर तिचा जोर चेनवर येतच नाही, चेनला फक्त तुमचे पाय. मोटर पॅडलपाशी, मधे असेल तर तिचा आणि तुमचा दोन्ही जोर चेनमधून जातो आणि चेन खरोखर लवकर झिजते. अशांनी पंधरवड्याने मोजावं.

१८. माझ्या कॅसेटचे काही दाते आखूड आणि तिरके आहेत. झिजली का?

नव्या कॅसेटलाही तसेच असतात. चेन एका चकतीवरून दुसरीवर सहज चढावी म्हणून काही दाते मुद्दाम तसे कापतात. झिजेची खूण वेगळी: दात्याची एकच बाजू पोखरली जाऊन तो समुद्राच्या लाटेसारखा एका अंगाला झुकतो, आणि सलग सगळे दाते तसे दिसतात. डोळ्यांनी ठरत नसेल तर नवी चेन बसवून चढावर जोर लावून बघणं हीच खरी परीक्षा.

१९. चेन दीड टक्का झिजली आहे, कॅसेटही जुनी. पण घसरत नाही, छान चालते. तरी बदलू?

नको. हे ऐकून लोक चमकतात, कारण मी एरवी चेन वेळेवर बदला म्हणून मागे लागतो. पण ती वेळ कॅसेट वाचवण्यासाठी होती आणि ती टळून गेली आहे. आता फक्त चेन बदललीत तर प्रश्न ११ मधली परिस्थिती येईल. साधी सात-आठ गिअरची सायकल असेल, रोज ऑफिसला सपाटीवरून जात असाल, तर आहे ते सगळं एकत्र संपू द्या. घसरायला लागलं की चेन आणि कॅसेट एकदमच बदला. पुढच्या दातेरी चाकाकडेही तेव्हाच बघा. जोर लावल्यावर चेन त्याच्या खालच्या दात्यांना चिकटून वर ओढली जात असेल तर तेही गेलं आहे.

दोन अटी. पुढचं दातेरी चाक महागातलं असेल तर हा खेळ खेळू नका, झिजलेली चेन त्यालाही खाते. आणि घाटात किंवा लांब पल्ल्याला जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी सगळं बदलून दोन-तीनदा चालवून बघा.